मित्राच्या लग्नात कॅमेरा तुमच्या गळ्यात पडला तर

"एवढा चांगला कॅमेरा आहे तुझ्याकडे, मग वेगळा फोटोग्राफर कशाला? तूच काढ की." केळवणाच्या पंगतीत मित्र हे म्हणाला. माझ्या तोंडात मसालेभात होता, म्हणून मी नुसती मान हलवली. ती हलवलेली मान पुढे चांगलीच महागात पडली.

तोवर माझे फोटो म्हणजे सिंहगडावरचे ढग आणि पुतणीचे वाढदिवस. जवळ एक साधा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि हौसेने घेतलेली ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो, पण स्पष्ट येणारा पट्टा अरुंद होतो). लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्याने मला दगा दिला नाही. दगा दिला तो मला लग्नच नीट माहीत नसण्याने. शंभर लग्नं जेवलो होतो, पण कशानंतर काय होतं आणि त्या वेळी कोण कुठे उभं असतं, हे कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून हा लेख शटर स्पीडपेक्षा क्रमाबद्दल जास्त आहे.

हो म्हणण्याआधी

पहिला सल्ला: जमलं तर नाही म्हणा. म्हणजे मुख्य कामाला धंदेवाईक फोटोग्राफर करायला सांगा आणि तुम्ही त्याच्या नजरेतून सुटणारं टिपा. खर्चामुळे ते शक्य नसेल तर माणसं किती, दिवस किती आणि व्हिडिओवाला वेगळा आहे का, एवढं विचारून घ्या. घरच्या अंगणातलं साठ माणसांचं लग्न एकट्याला झेपतं. दोन दिवसांचं, आठशे पानांचं लग्न पहिल्याच खेपेला एकट्याने अंगावर घेणं म्हणजे मैत्री पणाला लावणं.

सगळ्यात सोपी सुरुवात हवी असेल तर रजिस्टर लग्न. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, त्यामुळे तयारीला वेळ भरपूर मिळतो. प्रत्यक्षात एक टेबल, दोन सह्या, तीन साक्षीदार. हार घालण्यासकट वीस मिनिटांत उरकतं. आत फोटो काढू देतात का, हे मात्र कार्यालयात आधी विचारा.

आणखी एक गोष्ट मित्राला तोंडावर सांगून टाका: त्या दिवशी मी पाहुणा नाही. वरातीत नाचणार नाही, ग्रुप फोटोत नसेन, बूट लपवायच्या भानगडीत पडणार नाही. हे न सांगितल्यामुळे आमची कंपनी मला दर अर्ध्या तासाने ओढून नेत होती.

गुरुजींना फोन

लग्नाचा खरा दिग्दर्शक गुरुजी. पत्रिकेत फक्त मुहूर्त असतो. बाकीचा क्रम गुरुजींच्या डोक्यात. आठवडाभर आधी त्यांना फोन करा आणि सीमांतपूजन आदल्या रात्री की सकाळी, कन्यादान मंगलाष्टकांच्या आधी की नंतर, होम कधी पेटणार, वर-वधू कुठल्या दिशेला तोंड करून बसणार, हे सगळं वेळेसकट वहीत उतरवून घ्या. हा क्रम घराण्यागणिक बदलतो, कधीकधी तालुक्यागणिकही, त्यामुळे मागच्या लग्नात पाहिलेलं इथे चालेल असं धरून चालू नका. या फोनचा दुसरा फायदा असा, की ओळख झालेले गुरुजी मंगळसूत्र घालताना स्वतःच म्हणतात, "थांबा जरा, फोटो होऊ दे."

मी इथे सांगतोय ते वैदिक पद्धतीच्या लग्नाबद्दल. मित्राचं लग्न बौद्ध पद्धतीने असेल तर त्रिशरण, पंचशील, अक्षतांऐवजी फुलं, आणि बहुतेक वेळा दोघंही पांढऱ्या कपड्यांत. भरपूर पांढरं दिसलं की कॅमेरा फोटो काळपट काढतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) वर ठेवा. वसईत किंवा गोव्यात चर्चमध्ये असाल तर फ्लॅश चालेल का आणि कुठपर्यंत पुढे यायचं, हे आधी फादरना विचारा.

कार्यालय बघून या

त्याच वेळी जा, ज्या वेळी लग्न आहे. सकाळी साडेअकराचा मुहूर्त असलेलं कार्यालय संध्याकाळी बघून काही कळत नाही. गोरज मुहूर्त असेल तर डोळ्यांदेखत उजेड जातो, हेही तिथे उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

आधी वर बघा. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर तुमचं निम्मं काम झालं. कॅमेऱ्यावर वेगळा लावायचा फ्लॅश छताकडे वळवायचा, म्हणजे उजेड वरून मऊ होऊन खाली येतो. पण मांडवाला गुलाबी किंवा हिरवं कापड लावलं असेल तर तोच उजेड कापडाचा रंग घेऊन नवरीच्या तोंडावर उतरतो. अशा ठिकाणी फ्लॅश मागच्या पांढऱ्या भिंतीवर टाकून बघा. तेही नसेल तर थोड्या कमी ताकदीने सरळ मारा. कॅमेऱ्यावरचा उघडणारा छोटा फ्लॅश मात्र विसरून जा. त्याने सगळे पासपोर्टला बसल्यासारखे दिसतात.

मग दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर वेगवान केलं की फोटोत आडवे काळसर पट्टे येतात. शटर १/१००, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकं, ठेवलं तर पट्टे बहुधा जातात. आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावणाऱ्यांनी तर आधी चार फोटो काढून बघाच, कारण त्या मोडमध्ये पट्टे जास्त येतात. स्टेजमागे एलईडीची भिंत असेल तर तिच्यासमोरही हीच परीक्षा घ्या.

पिशवी

महागडं काही लागत नाही. पण एक सोडून दोन कॅमेरे हवेत, दुसरा कुणाकडून मागून आणला तरी चालेल, आणि दोन्हींची घड्याळं आदल्या रात्री मिनिटाला मिनिट जुळवा. ती जुळवली नाहीत तर घरी आल्यावर सप्तपदी आधी आणि कन्यादान नंतर असा गोंधळ सोडवत बसावं लागतं. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास मावतात. तरीही एका मोठ्या कार्डापेक्षा दोन-तीन लहान कार्डं बरी; एक बिघडलं तरी सगळं लग्न जात नाही. बॅटऱ्या तीन, फ्लॅशचे सेल दुप्पट.

लेन्सचं म्हणाल तर ५० एमएम एफ १.८ ही गरिबाची कामधेनू. अंधाऱ्या खोलीत ती एकटी तारून नेते. गर्दी आणि ग्रुपसाठी कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स पुरते.

पायांत सहज काढता येतील असे बूट घाला, कारण विधींच्या जागी अनवाणीच जावं लागतं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर मागे मागे सरकू नका. खिशात राजगिऱ्याचे दोन लाडू टाका. का, ते पुढे येईल.

हळद

हळद सोपी असते, म्हणून हात साफ करायला उत्तम. बहुधा सकाळची, बहुधा उघड्यावर. सावलीत बसवायला सांगा; झाडाखाली बसवलं तर पानांतून येणारे उन्हाचे ठिपके तोंडावर पडतात, त्यापेक्षा भिंतीची सावली चांगली. पिवळं अंग, पिवळी साडी, पिवळी फुलं बघून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) बिथरतो आणि फोटो निळसर करायला बघतो, तेव्हा तो 'शेड' किंवा 'डेलाइट'वर बांधून टाका. आणि लेन्सला फिल्टर लावा. हळद-तेलाचा हात लावून "बघू बघू कसा आला" म्हणणारी आत्या प्रत्येक घरात असते.

नवऱ्याला हळद लागल्यावर उष्टी हळद नवरीकडे जाते. दोन्ही घरचे फोटो तुम्हीच काढणार असाल तर उष्टी हळद घेऊन निघालेल्यांच्याच गाडीत बसा. तुमच्याशिवाय जाणार नाहीत, या भ्रमात राहू नका. जातात.

गौरीहर

सगळ्या दिवसातले माझे आवडते फोटो इथले. मुहूर्ताआधी नवरी मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून, एका बाजूच्या खोलीत पाटावर बसते आणि समोरच्या अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहत राहते. बाहेर सनई, आरडाओरडा, कुणाचं तरी पाकीट हरवलेलं. आत मात्र शांत. दिवसभरात ती एकटी असते ती एवढीच.

त्या खोलीची खिडकी शोधा. ट्यूबलाइट बंद करता आली तर करा, नाहीतर अर्धं तोंड निळं आणि अर्धं पिवळं येतं. खिडकी तिच्या एका बाजूला येईल असं बसा. उभे राहू नका, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर या. ५० एमएम, एफ २, शटर १/१६०, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद) लागेल तितका. मी आधी तिच्या चेहऱ्याचे पंधरा-वीस फोटो काढले आणि सगळ्यांत ती माझ्याकडे बघून हसत होती, कारण मी ओळखीचा. मग कॅमेरा खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसता भिंतीला टेकून बसलो. ती मला विसरली. नंतरचा फोटो असा: हिरव्या चुड्याचा हात, मेंदीची बोटं, आणि चिमटीतून सुटलेले तीन-चार तांदूळ अन्नपूर्णेच्या डोक्यावर पोचायच्या आत हवेत. मित्र असण्याचा तोटा म्हणजे सगळे तुमच्याकडे बघून हसतात. फायदा एवढाच, की तुम्ही खोलीत बसून राहिलात तर कुणाला वावगं वाटत नाही.

अंतरपाट

आता परीक्षेची वेळ. मधे अंतरपाट, दोन बाजूंना दोघं, नवरीमागे मामा, करवल्या, आणि भोवती हातात फोन धरलेले दीडशे लोक. जागा आधी पकडा: अंतरपाटाच्या कडेला, जिथून कापडाच्या दोन्ही बाजू दिसतात. गुरुजींच्या पाठीमागे उभं राहू नका. अंतरपाट कुठल्या बाजूने ओढणार, हे विचारून त्याच्या विरुद्ध बाजूला राहा, नाहीतर ऐन वेळी कापड तुमच्याच लेन्सवर येतं. व्हिडिओवाला असेल तर त्याच्याशी आधीच बोलून घ्या: दादा, तुम्ही कुठे उभे राहणार, मग मी कुठे राहू. त्याचा दिवा लागणार असेल तर तोच तुमचा दिवा.

शटर १/२००, त्याच्यावर नाही, कारण फ्लॅश बहुतेक कॅमेऱ्यांत त्याच्या आसपासच थांबतो आणि वर गेलं की फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. मागची एलईडी भिंत लुकलुकणारी निघाली असेल तर १/१०० वर या आणि हात घट्ट ठेवा. अ‍ॅपर्चर एफ ४ च्या आसपास. एफ १.८ चा मोह आवरा, दोघांपैकी एकच स्पष्ट येईल. लेन्सला हुड लावा, कारण अक्षता थेट काचेवर येतात. फ्लॅशच्या अगदी जवळून गेलेला एखादा तांदूळ फोटोत भलामोठा पांढरा डाग होऊन बसतो, तेव्हा एकाच फोटोवर विसंबू नका.

आता माझी फजिती. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक कडवं 'सावधान'वर संपतं, आणि प्रत्येक 'सावधान'ला मला वाटायचं, हेच शेवटचं. मी बोट दाबून धरायचो, खट-खट-खट-खट. मामांनी म्हटलं, आत्याने म्हटलं, मग एका काकांनी स्वतः रचलेलं वाचून दाखवलं, ज्यात दोन्ही घराण्यांची नावं बसवण्यासाठी वृत्ताचा पार खुर्दा झाला होता. काकांच्या 'सावधान'ला मी पुन्हा बोट दाबून धरलं. त्यांच्या पाठोपाठ गुरुजींनी शेवटचं म्हटलं, वाजंत्री कडाडली, अंतरपाट ओढला गेला, आणि माझा कॅमेरा ढिम्म. रॉ फोटोंचा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरला होता. कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकत राहिला आणि मी काही सेकंद भिंगातून माझ्या मित्राचं लग्न लागताना नुसतं पाहिलं. पहिला फोटो आला तेव्हा एक हार गळ्यात होता.

तर खूण लक्षात ठेवा. गुरुजी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' म्हणू लागले की समजा, आता शेवट. तो श्लोक संपला की अंतरपाट जातो. तोपर्यंत एक एक फोटो काढा: नवऱ्याच्या कपाळावरचा घाम, अक्षता मुठीत धरून बसलेले आजोबा, कापडावरचं कुंकवाचं स्वस्तिक. 'तदेव' ऐकलं की कॅमेरा डोळ्याला लावा, फोकस एकाच्या डोळ्यावर ठेवा आणि कापड हलेपर्यंत बोट आवरा. त्या दोन मिनिटांत आधीचा फोटो स्क्रीनवर बघायला मान खाली घालू नका. बहुतेक ठिकाणी हार आधी नवरी घालते. नवऱ्याला मित्र उचलणार असतील तर चौकट थोडी सैल ठेवा, नाहीतर मुंडकं कापलं जातं. एरवी उचलणाऱ्यांत तुम्ही असता, म्हणून तुम्हाला ती वेळ बरोबर माहीत आहे.

होम, लाह्या, सप्तपदी

हार पडले की गर्दी जेवायला पळते आणि विधी ओस पडतात. फोटोग्राफरला हे वरदान. धुरात फ्लॅश मारू नका, सगळं पांढरं धुकं होतं. धुराच्या मागून उजेड येईल अशी जागा घेतली तर तोच धूर देखणा दिसतो. लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. तिथे चेहरे सोडा, हात घ्या. कानपिळी हे दोन सेकंदांचं काम आहे. नवरीचा भाऊ नवऱ्याच्या मागे सरकला की तयार राहा, आणि कानाबरोबर नवऱ्याच्या आईचा चेहराही चौकटीत घ्या.

सप्तपदीला खाली बसा, अगदी जमिनीलगत. तांदळाच्या सात राशी ओळीने, त्यावर पडणारं नवरीचं पाऊल, शालूचा काठ. उभ्याने काढलेल्या सप्तपदीत फक्त वाकलेल्या पाठी दिसतात.

घरचे फोटो

यादी आधी करा, पण नावांची नव्हे, नात्यांची. आणि दोन्ही बाजूंचा एकेक माणूस नेमा, जो सगळ्यांना ओळखतो आणि ज्याचा आवाज मोठा आहे. आमच्याकडे हे काम नवऱ्याच्या धाकट्या काकूने केलं. "ए, खानदेशवाले, पानावरून उठा आणि इकडे या!" मी हे म्हणालो असतो तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

पंगतीच्या आधी मोठा घरचा फोटो उरका. जेवणानंतर निम्मे लोक गाडी पकडतात. दोन ओळी असतील तर एफ ५.६ ते एफ ८, प्रत्येक गटाचे चार-पाच फोटो, कारण कुणाचे तरी डोळे मिटतातच. आहेराची रांग लागली की कॅमेरा मॅन्युअलवर टाका, फ्लॅशची ताकद एकच बांधून टाका, आणि प्रत्येक जोडीचे दोन फोटो. ते कंटाळवाणं काम आहे, त्याला इलाज नाही.

म्हाताऱ्या माणसांचा एकेकटा फोटो मात्र कितीही घाई असली तरी घ्या. खुर्चीत बसलेले, फेटा बांधलेले, स्वच्छ उजेडात. घरात त्यांचा बरा फोटो बहुधा नसतो, आणि पुढे कधीतरी तोच भिंतीवर लागतो.

आता ते राजगिऱ्याचे लाडू. पहिल्या पंगतीत तुम्ही फोटो काढत असता, विहिणींच्या पंगतीत उखाणे चाललेले असतात, आणि तुम्ही मोकळे होता तेव्हा आचारी पातेली घासत असतो. मला जिलेबीचा पाक आणि थंड मठ्ठा मिळाला.

घरी आल्यावर

झोपण्याआधी दोन ठिकाणी प्रत करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. शक्य तेव्हा तिसरी प्रत घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावाकडे. या प्रती होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही. दुसऱ्या दिवशी वीस-पंचवीस चांगले फोटो जोडप्याला पाठवून द्या, म्हणजे पुढचा महिनाभर शांतता मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा भुगा होतो. त्यांनी स्वतः टाकल्याशिवाय तुम्ही कुठेही टाकू नका.

अठराशे फोटोंतून चारशे निवडा. एकाच क्षणाचे सहा फोटो दिले तर चांगला त्या सहांत हरवतो. उजेड आणि रंग सारखे करा, वाकडी क्षितिजं सरळ करा, बस. आणि नवरीला गोरी करू नका. कुणी मागितलं तरी नाही. हळद लागलेल्या सावळ्या रंगाचा जो तजेला असतो, तो स्लायडर ओढून पिठासारखा करण्यात काय मिळतं, मला कधी कळलं नाही.

पेनड्राइव्हमध्ये विधीनुसार फोल्डर करून द्या: हळद, गौरीहर, लग्न, घरचे. तारीख किती आणि फोटो किती, हे आधी बोललेलं असावं. तुम्ही नोकरी सांभाळून करताय, दीड महिना लागेल असं सांगा आणि महिन्यात द्या.

मी पेनड्राइव्ह द्यायला गेलो तेव्हा मित्राच्या आईने चहा ठेवला, फोटो बघितले, अंतरपाटाचा फोटो कुठाय म्हणून एकदा विचारलं, मी काकांच्या मंगलाष्टकाकडे बोट दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, मे महिन्यात आमच्या भाचीचं आहे. तू मोकळा आहेस ना?" या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून जा. तेव्हाही माझ्या तोंडात काहीतरी होतं.